आमच्यात कोण कसं गेलं

नवेगाव बांधात आणि आजूबाजूच्या खेड्यांत सुखदेव टेंभुर्णेच्या हातचा कोट न घालता गेलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. जन्मभर बंडीपलीकडे अंगाला काही न लागलेले म्हातारे मेल्यावर त्याच्या दुकानातून कोट-टाय करून निघायचे आणि आपापल्या घराच्या भिंतीवर फ्रेममध्ये जाऊन बसायचे. शेतमालकांच्या घरी काळा कोट जाई. बौद्ध वस्तीत निळा, वर लाल टाय. निळाच का, हे त्या वस्तीत कुणी कुणाला विचारत नसे. सुखदेव स्वतः त्याच वस्तीतला.

नव्व्याण्णव साली मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो. मी गोंदिया शहरातला, म्हणजे वर्गात मराठी शिकवणारा आणि भाजी हिंदीत घेणारा माणूस. शाळेला माझे पासपोर्ट फोटो हवे होते, म्हणून बाजाराच्या रस्त्यावरच्या 'मिलन फोटो स्टुडिओ'त गेलो. नावावरून वाटलं, लग्नाबिग्नाचं दुकान असेल. आत दोन भाऊ भांडत होते आणि त्यांच्या मध्ये एक किडकिडा माणूस डोळ्याला भिंग लावून शांत बसला होता. समोर कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो. त्यात मागच्या रांगेत त्या भावांचा नुकताच गेलेला बाप उभा होता आणि पुढच्याच्या फेट्यामुळे त्याचा अर्धा चेहरा झाकला गेला होता.

"कान एकच दिसून राहिला," किडकिडा माणूस म्हणाला. "दुसरा कोनाचा लावू?"

"माहा लावा," थोरला म्हणाला.

"काऊन तुहा? बाबाचे कान माह्यासारखे होते."

"तू तं मायवर गेला. साऱ्या गावाले माहीत आहे."

सुखदेवने दोघांना उजेडात उभं केलं, माना वळवायला लावल्या, आणि धाकट्याचा कान पसंत केला. थोरला रागाने बाहेर जाऊन उभा राहिला. बापाच्या मातीला खांदा देण्यावरून झाला नसेल तेवढा तंटा त्या कानावरून झाला. मग सुखदेव माझ्याकडे वळला. "बसा सर. जित्या मानसाचं काय, दोन मिनिटांचं काम."

फोटो काढून झाला. मी उठायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. "आता एक पुढच्यासाठी."

"पुढच्या म्हणजे?"

"पुढच्या म्हणजे पुढच्या, सर. मानूस जाते, मंग घरचे मतदानाचं कार्ड घेऊन येतात. त्याच्यावरून मी मानूस बनवू का भूत? आता काढून ठेवला तं चांगला राहते. हसू नका फक्त."

मी तेव्हा पंचविशीतला, नवी नोकरी, लग्न ठरायचं होतं. मला असा राग आला की विचारू नका. पण मी बसलो आणि हसलो नाही. पुढे कळलं, हा जादा फोटो तो प्रत्येकाचा काढतो आणि त्याचे पैसे घेत नाही. तरणी पोरं शिव्या घालत निघून जात. म्हाताऱ्यांना मात्र ती सोय फार आवडायची. कोहळी समाजातली एक बाई तर दर वर्षी धान कापणी झाली की नवं लुगडं नेसून यायची आणि म्हणायची, "मांगच्या सालचा फेकून दे रे, त्यात म्या लई वाळली दिसते."

मी त्याच्या दुकानाशेजारचीच खोली भाड्याने घेतली होती. त्यामुळे सकाळचा कोरा चहा आम्ही बरोबर प्यायचो. शर्टाच्या दोन्ही खिशांत ब्रश खोचलेले, मान कायम डावीकडे कललेली, आणि काम करताना मेलेल्यांशी बोलणं चालू. "सरळ बस ना गा. आता कायची घाई आहे तुले?" जिवंत माणूस कधी सरळ बसत नाही, अशी त्याची तक्रार होती. लग्न त्याने केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "लोकायची करता करता राहून गेलं, सर." विनोदाने म्हणायचा, पण मग तेवढ्यापुरता ब्रश थांबायचा.

घरात तो आणि त्याची माय, भागरथाबाई. दुकानामागेच घर. मागच्या दारात सूप मांडीवर घेऊन ती बिड्या वळत बसलेली असायची. तेंदूची पानं, तंबाखू, दोरा आणि हातात कात्री. ती पान कापताना त्याच्याकडे बघायची नाही. बोलायची, हसायची, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, आणि कात्री आपली चालूच. बोटांची टोकं कायमची काळी पडलेली. मला ती मास्तर म्हणायची आणि कुणीही दगावल्याची बातमी पहिल्यांदा मलाच द्यायची. शिकलेल्या माणसाला ठाऊक असावं, असं तिला वाटत असावं.

मधली काही वर्षं सुखदेवची बरी गेली. त्याने कॉम्प्युटर घेतला, लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग तो स्वतःच करायला लागला. मग प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला, लग्नाच्या ऑर्डरी गोंदियाच्या व्हिडिओवाल्या पार्ट्यांकडे गेल्या, आणि दुपारच्या दुपार दुकान रिकामं राहायला लागलं. त्याच सुमारास नागपूरहून त्याचा चुलतभाऊ मनोहर बायकापोरांसह आला. मनोहर सरकारी नोकरीत, सगळ्या घराण्यात शिकलेला तोच. त्याच्या मुलीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला होता. ती म्हणाली, "काका, तुम्ही फोटोवाले ना? आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे फोटो द्या."

सुखदेवने अख्ख्या मुलखाचे मेलेले जपले होते. स्वतःच्या घरचा एकही नव्हता. कुणी कधी कॅमेऱ्यासमोर बसलंच नव्हतं. ती पोर हिरमुसून गेली, आणि हा आठवडाभर कामात लक्ष देईना. मग एके सकाळी चहाचा ग्लास हातात घेऊन मला म्हणाला, "टीव्हीवर कागदाचे उंदीर-मांजर पळतात सर, मंग आमचा आजा काऊन पळनार नाही?"

असं ते कार्टून सुरू झालं. पिक्चरचं नाव त्याने आधीच ठरवलं होतं, 'आमच्यात कोण कसं गेलं'. कसे जगले हे दाखवायला फार लांब पिक्चर लागेल, म्हणायचा, आणि त्यात सगळ्यांचं सारखंच, दुसऱ्याच्या वावरात चिखल तुडवणं. मेले मात्र प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने.

माणसं केली लग्नपत्रिकांची. जाड, सोनेरी कडांच्या जुन्या पत्रिका त्याच्याकडे ढिगाने पडल्या होत्या. डोकं, धड, हातपाय वेगवेगळे कापायचे आणि दोऱ्याने सांधायचे. कापायचं काम भागरथाबाईने घेतलं. तिच्या बिडीच्या कात्रीतून असे पाय निघायचे की बघत राहावं. आजोबा पालथे झाले की त्यांच्या पाठीवर 'चि. सौ. कां.' आणि गणपती दिसायचा. ती माणसं काचेवर मांडायची, वरून कॅमेरा, हात थोडा हलवला की एक फोटो, पुन्हा थोडा हलवला की दुसरा. खिडकीच्या उजेडात काम, कारण दुपारी वीज हमखास जायची. ढग आला की आजोबा अर्धा पाय उचलून ऊन पडेपर्यंत तसेच थांबायचे.

गोष्टी सांगायची माय. बिड्या वळत सांगायची आणि तो लग्नाच्या शूटिंगचा माइक सुपाशेजारी ठेवायचा. त्याच्या पणजोबाची गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली.

"मोह्याखाली बसला होता. थोडी घेतलेली. समोरून काळं घोंगडं आलं. त्याले वाटलं मेव्हना आला. म्हने, 'या पाव्हने, बसा.' तं ते बसलं."

"कोण बसलं, आजी?"

"अस्वल ना, मास्तर. मोहा वेचाले आलं होतं. यानं त्याले बिडी देली."

"मग?"

"मंग काय. पाव्हन्यानं पाव्हनचार घेतला." आणि ती इतकी हसली की सुपातली पानं खाली पडली.

आजोबा दोनदा मेले होते. पहिल्यांदा तिरडीवरून उठून बसले आणि बिडी मागितली. नेणारे तिरडी टाकून पळाले. हे एकटेच त्या वाटेवर बसून राहिले. पुढे बरीच वर्षं जगले. त्यामुळे खरंच गेले तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. सकाळपासून दुपारपर्यंत सोयरेधायरे अंगणात बसून, नाकाशी पेटलेली बिडी धरून, ते उठायची वाट पाहत राहिले. आणि आजी. तिने आपल्या मातीसाठी कोरं पांढरं कापड पेटीत ठेवलं होतं. घरात नातवंड जन्मलं की त्यातलं थोडं फाडून ती त्याचं झबलं-टोपरं शिवायची. "माहं काय, मले घाई नाही," म्हणायची. ती गेली तेव्हा पेटीत हातभर कापड निघालं. ते तिच्या तोंडावर टाकलं आणि तशीच नेली. पिक्चरमध्ये तिच्या तिरडीमागून पांढरी टोपरी घातलेली पोरांची रांग चालते. त्यातलं एक रांगतं पोर दाखवून सुखदेव मला म्हणाला, "हा मी. आजीचं कफन घालून रांगलो, सर."

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये इफेक्ट होते ते सगळे लग्नाचे. म्हणून पणजोबा आणि अस्वल हृदयाच्या आकारात मिटत जातात. आजोबांवर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पाहणाऱ्याला हसावं की काय करावं कळत नाही. मधले दोन शब्द सांगायला त्याला आधी माझा आवाज हवा होता, रेडिओसारखा. मी दोन दिवस घसा साफ करून वाचलं. त्याने ऐकलं आणि फार अदबीने म्हणाला, "सर, राग नका मानू. तुमच्या तोंडून मेलेला मानूस परीक्षेत नापास झाल्यावानी वाटते." मग मायचाच आवाज ठेवला.

दिवाळीला मनोहर आला तेव्हा सुखदेवने त्याला हौसेने तयार झालेला भाग दाखवला. मीही होतो. मनोहरने आजीच्या कापडापर्यंत पाहिलं. मग उठलाच.

"आपल्या लोकायचं हसं करून राहिला तू, सुखदेव. आजीले कापड नव्हतं, हे हसाची गोष्ट आहे? अस्वलानं फाडला तो मानूस. मोह्याशिवाय पोटाले काही नव्हतं म्हनून गेला होता तो जंगलात. लोकं आधीच हसाले बसले आहेत आपल्यावर."

"माय हसते ते?"

"तिनं भोगलं आहे. ती हसू शकते."

सुखदेवने चालू पिक्चर थांबवला. मग म्हणाला, "रडून दाखवलं नं भाऊ, तं लोकं पाहत नाहीत. उठून जातात. मले त्यायले बसवाचं आहे."

मनोहर चहा न पिता गेला. मला दोघांचंही पटत होतं. सुखदेवने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पण त्याची खरी अडचण मनोहर नव्हती. बाप होता. तो रांगत होता तेव्हाच त्याचा बाप गेला. बाकी सगळ्यांचं मरण माय रंगवून रंगवून सांगायची. नवऱ्याचं विचारलं की, "ताप आला नं गेला." एवढंच. किती वेळा विचारा, तेवढेच शब्द, आणि त्यानंतर कात्रीचा आवाज. सगळा पिक्चर तयार होत आला आणि बाप तेवढा राहिला. लग्नपत्रिकेचं धड झालं, हातपाय झाले, डोकं कोरं. आणि इकडे मायचं खाणं कमी होत चाललेलं. धाप लागायची, पायांवर सूज आलेली. डॉक्टरने हृदयाचं सांगितलं आणि वयाकडे बोट दाखवलं. ती गेली की बापाला पाहिलेलं माणूस जगात उरत नव्हतं, आणि सुखदेवनंतर तर घराण्यात त्या फांदीवर कुणीच नव्हतं. "माह्यापाशी थांबते सर हे," तो एकदा म्हणाला. "म्हनून तं घाई."

त्यांच्या पुढच्या खोलीत बापाचा एक फोटो होता म्हणा. सुखदेव तरुणपणी हे काम शिकला तेव्हा त्याने पहिला केलेला. स्वतःचाच फोटो घेऊन त्याला मिशा लावल्या, कपाळ थोडं रुंद केलं आणि निळा कोट चढवला. मुलगा बापासारखा दिसतोच, हा त्याचा हिशेब. गावातल्या सगळ्यांना तो असाच हिशेब लावायचा. कुणाचं नाक, कुणाचा कान. माय तो फोटो पुसायची, खाली फुलं ठेवायची, पण त्याला हार मात्र कधी घातला नाही. सुखदेवने दरवर्षी हार आणावा आणि तिने तो बाजूला ठेवावा. बापावर तिचा काही जुना राग असेल, असं धरून तो चालला होता.

एका दुपारी मी तिच्यासाठी औषध घेऊन गेलो, तेव्हा ती पुढच्या खोलीत, त्या फोटोसमोर, खाटेवर टेकून बसली होती आणि सुखदेव ते कोरं डोकं हातात घेऊन खाली बसला होता.

"माय, मरनाचं नाही विचारत मी. चेहरा सांग. नाक माह्यासारखं होतं का?"

"ताप आला नं..."

"ते राहू दे ना वं! चेहरा."

ती भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काढ तो फोटू तिथून."

"काऊन?"

"तो तू आहे. तुहा बाप नाही तो. जित्या पोराच्या फोटूले हार कशी घालू मी?"

सुखदेव बघतच राहिला. इतकी वर्षं! मग हळूच म्हणाला, "मंग बा कसा होता?"

ती रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. "नाही दिसत आता. पयले दिसे. तू हा टांगला तवापासून डोळे मिटले का तूच दिसते, मिशा लावून. तू एवढ्या हौसेनं आनला, तुले काय सांगू? तो गेला रे. दुसऱ्यांदा गेला."

मी औषध ठेवून निघून आलो. तिथे थांबणं मला जमलं नसतं.

चार-आठ दिवस दुकान बंद होतं. उघडल्यावर कोट करायला लोक आले, तर सुखदेव कान-नाक लावीना. "जेवढं आहे तेवढंच देईन," म्हणायचा. अर्धा चेहरा झाकलेला असेल तर अर्धाच. पुसट असेल तर पुसट. लोक चिडले. बाप आहे का ढग आहे हा, असं एकाने विचारलं. हळूहळू ते दुसरीकडे जायला लागले. सकाळच्या चहाला तो यायचा. एकदा म्हणाला, "सर, किती घरी केलं असेल मी असं? आता कोनाकोनाच्या घरी जाऊन विचारू?" मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला.

मायनेच वाट काढली. एक दिवस तिने त्याला हाक मारली, मलाही बोलावलं. "मास्तर, तुम्ही पन बसा. याले समजत नाही." मग त्याला म्हणाली, "म्या त्याले समोरून पाहिला कवा? घरात सासू, दारात सासरा. मान वर करून पाहाची सोय होती का तवा? लग्न झालं नं तिसऱ्या वरसी गेला. वावरात जाताना तो पुढं, म्या मांगं. पाठ पाहिली रे म्या. पाठ विचार."

आणि ती पाठ तिने सांगितली. उजवा खांदा किंचित खाली, कावड वाहून वाहून. मानेवर केसांचा भोवरा. धोतराचा काष्टा नेहमी सैल, चालता चालता डाव्या हाताने वर ओढायचा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आला की चाल मंद करायचा, मागे न बघता, आणि ती जवळ आल्याचं पायांच्या आवाजावरून कळलं की पुन्हा चालायला लागायचा. "बोलला नाही कवा. थांबे मात्र." हे सांगताना ती त्या पाळीवरच असल्यासारखी बोलत होती.

त्याने चेहऱ्याचं डोकं टाकून दिलं. मायने खाटेवर बसून, धाप लागलेली असताना, नवरा पाठीकडून कापला. तो पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचा होता. पाठीवर गणपती नको, म्हणाली. मग चालवायचाही तिनेच हट्ट धरला. "तुले त्याची चाल माहीत नाही." सुखदेवने काच खाटेजवळ आणली, खिडकीशी कॅमेरा लावला. तिने थरथरत्या बोटाने पाय थोडा पुढे सरकवायचा, हात मागे घ्यायचा, त्याने फोटो काढायचा. रोज थोडा थोडा असा तो पाळीवरून चालला. मी शाळेतून आलो की विचारायचो, "कुठवर आले?" ती सांगायची, "मोठ्या चिंचेपाशी." एके दिवशी तिने पाय सरकवला आणि म्हणाली, "आता तू चालव. म्या बसते जरा." त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, कुणाला काही न सांगता गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी संध्याकाळी विहारासमोर पडद्यासाठी पांढरा कपडा बांधला आणि समोर प्रोजेक्टरचं मशीन ठेवलं. सगळी वस्ती सतरंज्यांवर बसली होती. मनोहर नागपूरहून आला होता, तो मागे उभा राहिला. तिचा आवाज सुरू झाला तशा बायका रडायला लागल्या, आणि अस्वल बसलं तेव्हा त्याच बायका रडता रडता हसल्या. तिरडीवरून आजोबा उठले तेव्हा तर लोक एकमेकांवर पडत होते. मनोहर आजीच्या कापडापाशी हसला नाही, पुढेही हसला नाही. पण उठून गेलाही नाही.

मग बाप आला, पाठमोरा. तलावाची पाळ, आणि तो चालतोय. आवाज नाही, गाणं नाही. आधी चाल थरथरती, पाय अडखळल्यासारखा पडणारा. चिंचेपुढे ती एकदम सारखी होते, सुखदेवच्या हाताची. ते मला आणि त्यालाच कळत होतं. बाप चालतोय, चालतोय, लहान होतोय. लोक मरणाची वाट बघत होते. आधीचे सगळे कसे धडाधडा मेले होते. शेवटी पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याला राहवेना.

"काय गा सुखदेव, हा मरते कवा?"

मशीनमागून सुखदेव म्हणाला, "हा नाही मरत."

"मंग?"

"जाऊन राहिला ना. दिसत नाही का?"

कुणी हसलं नाही. बाप ठिपका झाला, मग तोही दिसेना. हृदय नाही, पाकळ्या नाहीत. नुसती पाळ राहिली.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. फोनवर कधीमधी बोलणं व्हायचं. पुढे एकदा मनोहरचा फोन आला आणि सुखदेव गेल्याचं कळलं. खोकला होता, नागपूरला नेलं होतं. पण माझ्यासाठी तो त्या संध्याकाळचाच राहिला आहे. लोक जेवायला उठले होते, पोरं सतरंज्या गोळा करत होती. मी वायर गुंडाळायला मशीनपाशी गेलो, तर तो पिक्चर मागे नेत होता. एका जागी त्याने थांबवला.

"सर, या इकडं. हे कोनाले दिसलं नाही."

कपड्यावर पाळ होती, बापाची पाठ होती, आणि त्या पाठीमागे, चित्राच्या काठावर, एक बोट. काळ्या टोकाचं, वाकलेलं. एका फोटोच्या वेळी मायने हात वेळेवर मागे घेतला नव्हता. पिक्चर चालू असताना ते डोळा लवायच्या आत निघून गेलं होतं. आता मोठ्या कपड्यावर ते बोट उभ्या बाईएवढं दिसत होतं.

"जोडताना सापडलं," तो म्हणाला. "काढता आलं असतं. काऊन काढू?" तो कपड्याजवळ गेला. बापाची पाठ त्याच्या शर्टावर आली. "पाहा ना, सर. मांगं मांगं चालून राहिली."

अंगणातून त्याला जेवायला हाका मारत होते. तो "आलो, आलो" म्हणत होता आणि त्या बोटापासून हलत नव्हता.